मशीन कुठे अडलंय ते आधी बघा

वॉशिंग मशीन मध्येच थांबलं की घरातला प्रत्येक जण येऊन एकेक बटण दाबून जातो. कुणी स्विच बंद-चालू करतं, कुणी बाजूला थाप मारतं, आणि या गडबडीत स्क्रीनवर आलेली दोन अक्षरं पुसली जातात. मग मेकॅनिक फोनवर "काय झालंय?" विचारतो, तेव्हा आपल्याकडे एकच उत्तर असतं, "चालत नाहीये."

हात लावण्याआधी अर्धा मिनिट नुसतं बघा. टबात पाणी आहे का? कपडे कोरडे आहेत, चिंब आहेत की अर्धवट पिळलेले? आत काही गुणगुणतंय का? स्क्रीनवर काय लिहून आलंय? त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

याचं कारण असं, की मशीन कितीही महाग असलं तरी ते मुख्यतः पाचच कामं करतं आणि ठरलेल्या क्रमाने करतं. पाणी घेणं, घेतलेलं पाणी मोजणं, कपडे घुसळणं, पाणी सोडणं आणि पिळणं. प्रत्येक कामाचे दोन-तीन सुटे भाग ठरलेले असतात. गाडी कुठल्या कामावर अडली हे कळलं की बाकीच्या भागांकडे बघायचीसुद्धा गरज राहत नाही. आणि घरच्या घरी मिटणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा मशीनच्या पोटात नसतातच. त्या नळात, पाइपात, प्लगमध्ये किंवा आपण कोंबलेल्या कपड्यांत असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. मागे किंवा खाली हात घालायचा असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचा. काही जुन्या घरांत स्विचमधून फेजऐवजी (म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल तोडलेला असतो, मग बटण बंद असूनही आत करंट राहतो.

स्क्रीनवरची अक्षरं

एलजीच्या मशीनवर 'आयई' म्हणजे पाणी येत नाही, 'ओई' म्हणजे जात नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल बिघडलाय आणि 'डीई' म्हणजे दार लागलेलं नाही. सॅमसंगवर पाणी न येण्याला '४सी' आणि न जाण्याला '५सी' येतं. जुन्या मॉडेलवर तेच '४ई' आणि '५ई'. डिस्प्लेवर पाचाचा आकडा इंग्रजी 'एस'सारखा दिसतो, म्हणून कित्येक जण 'एसई आलंय' असं सांगतात. बॉशचा 'ई१८' पाणी न जाण्याचाच आहे. तुमच्या मशीनची यादी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असते.

मात्र कोडमधून मशीनला काय जाणवलं तेवढंच कळतं, कारण कळत नाही. 'ओई'चा अर्थ इतकाच की ठरलेल्या वेळात टबातली पातळी उतरली नाही. पंप जळाला असेल, किंवा पाइपात एक मोजा अडकला असेल. कोड बघून थेट पंप मागवणारे लोक मला माहीत आहेत. नवा पंपही त्याच मोज्यापुढे हात टेकतो.

दिवे लागतात पण एकही बटण ऐकत नाही, असं असेल तर चाइल्ड लॉक बघा. पॅनेलवर कुलपाचं किंवा बाळाच्या चेहऱ्याचं चित्र असतं, त्या बटणावर काही सेकंद बोट दाबून धरलं की सुटतं. फ्रंट लोडचं दार उघडत नसेल तर ओढाओढ करू नका. फेरा संपल्यावर कुलूप सुटायला एक-दोन मिनिटं लागतात, आणि आत पाणी असेल तर ते मुद्दामच सुटत नाही.

पाणी येतच नाही

आधी मागचा कॉक उघडा आहे का बघा. हसू नका, ड्राय बाल्कनीत भांडी घासायला पाणी जोरात यावं म्हणून तो बंद होतो आणि तसाच राहतो. मग मशीन मागे सरकवताना पाइप दुमडला गेलाय का ते बघा.

दोन्ही ठीक असेल तर कॉक बंद करून पाइप मशीनच्या बाजूने सोडवा. पाइप बसतो त्या तोंडात आत एक छोटी प्लास्टिकची जाळी असते, मधोमध बारीक उंचवटा असलेली. तो पकडीच्या टोकाने धरून सरळ बाहेर ओढा, पिळू नका. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत या जाळीवर तांबूस गाळाचा थर सापडतो, आणि टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. जुन्या टूथब्रशने नळाखाली घासा आणि परत बसवा. जाळीशिवाय मशीन चालवायचा मोह टाळा. जाळी नसली की तोच गाळ आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि मग पकडीने काही होत नाही.

जाळी स्वच्छ आहे तरी 'आयई' येतंय? तुम्ही वरच्या मजल्यावर राहता का? दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब तयार होतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर असेल, तर तुमच्या वाट्याला ०.३ बार येतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला त्याच टाकीतून दीड-दोन बार मिळतात. बऱ्याच फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो, म्हणजे वरच्या मजल्यावरचं घर अगदी काठावर येतं. टाकी अर्धी झाली की दाब आणखी उतरतो. सकाळी चालणारं मशीन दुपारी रुसतं त्यामागे हेच असतं. पाइप काढून बादली लावून बघा. पंधरा लिटरची बादली भरायला तीन-चार मिनिटांच्या वर लागत असतील तर दोष मशीनचा नाही. छोटा प्रेशर पंप बसवा, नाहीतर टाकी भरलेली असताना मशीन लावा.

कमी दाबाचा आणखी एक त्रास लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह विजेने उघडतो, पण घट्ट बंद होण्यासाठी त्याला पाण्याचाच दाब लागतो. दाब अगदीच कमी असेल किंवा व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी पडद्यावर कचरा बसला असेल, तर बंद मशीनमध्येही थेंब थेंब पाणी झिरपत राहतं. सकाळी उठून बघावं तर टबात पाणी. प्लग काढलेला असतानाही पाणी वाढत असेल तर व्हॉल्व्ह मिटत नाहीये हे नक्की समजा. काम झालं की कॉक बंद करायची सवय यासाठीच लावायची.

पाणी येतच राहतं

हा प्रकार मला सगळ्यांत मजेशीर वाटतो, कारण इथे मशीन बिचारं प्रामाणिकपणे वागत असतं. त्याला फसवलेलं असतं.

टबात पाणी किती आलं हे मशीनला डोळ्यांनी दिसत नाही. टबाच्या तळापासून एक बोटाएवढी नळी वर गेलेली असते. पाण्यात उपडा पेला दाबला की आतली हवा अडकून राहते, तसंच इथे होतं. पाणी चढतं तशी नळीतली हवा दबते आणि वरच्या टोकाला असलेला सेन्सर त्या दाबावरून पातळी ओळखतो. नळीला चीर गेली तर हवा निसटते आणि भरलेला टब मशीनला रिकामा वाटतो. नळीच्या तोंडाशी साबणाचा चिकट गाळ बसला की उलटं होतं, पाणी गेलं तरी दाब अडकून राहतो आणि मशीनला टब भरलेलाच वाटतो. टॉप लोडमध्ये ही नळी बहुधा पाठीमागचं पत्र्याचं झाकण उघडलं की दिसते. प्लग काढून नळी दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढं बघणं कुणालाही जमतं.

फसवणुकीचा दुसरा मार्ग ड्रेन पाइपातून जातो. फ्रंट लोडचा ड्रेन पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळून यायला हवा. तो मोरीत नुसता टाकून दिला की एका बाजूने पाणी येतं आणि दुसऱ्या बाजूने आपोआप ओढलं जातं. पातळी काही वाढत नाही, मशीन पाणी मागत राहतं आणि तुमची टाकी रिकामी होते. पाइपाचं टोक साचलेल्या पाण्यात बुडलेलं असेल किंवा आउटलेटमध्ये टेप लावून हवाबंद केलेलं असेल तरीही हेच घडतं. तिथे हवेला थोडी फट लागते.

पाणी जात नाही

फ्रंट लोड असेल तर पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. ते कधी उघडलंय का? कित्येक घरांत पाच-सहा वर्षं त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. गरम पाण्याचा फेरा झाला असेल तर आधी निवू द्या. खाली परात सरकवा आणि जुना टॉवेल पसरा. झाकणामागे बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या. परात तीन-चार वेळा ओतावी लागेल. मग गोल फिल्टर डावीकडे फिरवून हळूहळू बाहेर काढा. सेफ्टी पिन, ब्लाउजचे हुक, रुपयाची नाणी, साडीच्या फॉलचे दोरे, खिशात राहिलेल्या पावतीचा लगदा, असा ऐवज निघतो.

फिल्टर काढल्यावर त्या भोकात टॉर्च मारा. आत पंपाचं छोटं पातं दिसेल. काडीने फिरवून बघा. ते सलग फिरत नाही, अडखळत फिरतं, आणि तसंच फिरायला हवं, कारण आत लोहचुंबक असतो. अजिबातच हलत नसेल तर दोरा गुंडाळला असेल. सैल होऊन लडबडत असेल तर मात्र पंप गेला. फिल्टर बसवताना आटे नीट लागले आहेत का बघा, नाहीतर पुढच्या फेऱ्याला घरभर पाणी.

टॉप लोडचं गणित वेगळं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंपच नसतो, पाणी उताराने जातं. त्यामुळे त्यांचा पाइप जमिनीलगतच राहायला हवा. मोरीच्या उंबऱ्यावरून वर चढवून नेला की पाणी अडलंच. या मशीनमध्ये एक छोटी ड्रेन मोटर असते. ती ताण देऊन तळातला व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच ओढीने खालचा क्लच पिळण्याच्या बाजूला सरकवते. म्हणून धुणं व्यवस्थित होतं पण पाणीही जात नाही आणि पिळणंही होत नाही, अशी जोड-तक्रार असेल तर मेकॅनिकला सरळ सांगा, "दादा, आधी ड्रेन मोटर बघा." सेमी ऑटोमॅटिकमध्ये हेच काम वरच्या खटक्याला जोडलेली दोरी किंवा पट्टी करते. खटका फिरवताना हाताला काहीच ताण लागत नसेल तर ती तुटली आहे.

फिरत नाही, किंवा नाचतंच

मोटरचा हुंकार येतोय पण टबाच्या तळाचा पंखा फिरत नाही, असं टॉप लोड किंवा सेमी ऑटोमॅटिकमध्ये झालं तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. मोटरला सुरुवातीचा धक्का देण्याचं काम त्याचं. शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरॅडचा आकडा जुळलाच पाहिजे. पण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या. मोटर फिरतेय, टब नाही आणि रबर जळाल्याचा वास येतोय, म्हणजे पट्टा सैल झालाय किंवा तुटलाय.

पिळताना मशीन नाचत पुढे येत असेल तर आधी आत काय आहे ते बघा. एकटी चादर, एकटा बाथमॅट किंवा दोन जीन्स एका बाजूला गोळा होतात. सोबत दोन टॉवेल टाकले की तोल सावरतो. त्यानंतर पाय. मशीनच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दाबून बघा. डुगडुगलं तर पाय फिरवून पातळी लावा आणि वरचा नट आवळा. नवंकोरं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी भिंत हादरवत असेल, तर पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत. टब प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यात ते लावलेले असतात.

पावसाळ्यात एक चूक फार होते, ती म्हणजे रेनकोट किंवा गादीचं वॉटरप्रूफ कव्हर टॉप लोडमध्ये पिळायला टाकणं. असं कापड पाणी धरून ठेवतं, फुग्यासारखं फुगतं आणि वेग वाढला की अचानक एका बाजूला सरकतं. टॉप लोड मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं, फ्रंट लोड हजार ते चौदाशे. त्या वेगात दोन-चार लिटर पाण्याची उडी टब आणि झाकण दोन्ही मोडू शकते. अमेरिकेत २०१६ साली सुमारे २८ लाख टॉप लोड मशीनं सॅमसंगने परत बोलावली, कारण पिळताना जोरात हादरून त्यांचा वरचा भाग सुटू शकत होता. जाड अंथरुणं आणि वॉटरप्रूफ कपडे हे तिथलं मोठं निमित्त होतं. रेनकोट हाताने धुवा आणि दोरीवर निथळू द्या.

कपडे कमी, पाय घट्ट, तरी पिळताना घरघर दर महिन्याला वाढतेय? मशीन रिकामं आणि बंद असताना दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर उचलायचा प्रयत्न करा. टबासकट सगळं एकत्र हललं तर ठीक. ड्रम एकटाच खडखडत वर-खाली झाला तर बेअरिंग गेलंय. बहुधा सील आधी फाटतो, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि गंज चढतो. हे घरी करायचं काम नाही.

करंट लागतो, ट्रिप होतं

मशीनला ओला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते हलक्यात घेऊ नका. आतल्या विजेच्या फिल्टरमधून (पाण्याचा नव्हे) थोडा करंट पत्र्याकडे गळतच असतो आणि अर्थिंगमधून निघून जातो. घराचं अर्थिंग तुटलेलं असेल तर तो तुमच्यातून जातो. तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि तोवर मशीन लावू नका.

फेरा सुरू होऊन काही मिनिटांनी घरातला ट्रिप स्विच पडत असेल, तर एकदा थंड पाण्याचा फेरा लावून बघा. थंडावर चालतंय आणि गरमावर पडतंय, म्हणजे हीटर. पाण्यातल्या क्षारांचा थर चढून हीटरचं कवच फुटतं आणि वीज पाण्यात गळते. हा हीटर साधारण दोन हजार वॅटचा, म्हणजे जवळपास नऊ ॲम्पिअर ओढणारा. म्हणून मशीनला १६ ॲम्पिअरचा सॉकेट लागतो. सहाच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावलंत तर प्लग वितळून काळा पडतो.

क्षारांवरून आठवलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. बोअरचं पाणी ही मर्यादा सहज गाठतं. अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये शंभरेक ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून ६० अंशांचा फेरा लावा. त्यात ब्लीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पाणी जड म्हणून पावडर दुप्पट टाकायची, हा घरोघरीचा उपायही अंगाशी येतो. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस फ्रंट लोडला झेपत नाही. फेस जाईपर्यंत ते खळबळून काढत बसतं, पिळत नाही, आणि आपल्याला वाटतं मशीन बिघडलं.

मेकॅनिक आला की

मेकॅनिकला बोलवायचा नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरांत फसवे नंबर भरपूर असतात, आणि मशीन दुरुस्त व्हायच्या आधी खातं रिकामं होतं. आल्यावर मशीन कुठल्या कामावर अडतंय ते सांगा आणि फोटो दाखवा.

"बोर्ड गेलाय" हे पाच मिनिटांत ऐकू आलं तर जरा थांबा. बोर्ड जातात हे खरं. ओल चढते, पाल शिरते, विजेचा झटका बसतो. पण बोर्ड हा सगळ्यांत महाग सुटा भाग असतो, आणि तो बदलला की दुसरी चूकही झाकली जाते. "मोटरपर्यंत व्होल्टेज येतंय का ते मीटरवर दाखवता का?" एवढं शांतपणे विचारा. ज्याने खरंच तपासलंय तो आनंदाने दाखवतो. वॉरंटीबाहेरचा बोर्ड असेल तर सुटे भाग बदलून दुरुस्त करणारी दुकानं शहरांत आहेत, तिथे नव्याच्या किमतीच्या अंशात काम होऊ शकतं. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि पावतीवर नव्या भागाचं नाव लिहून घ्या. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा हीच पावती लागते.

बेअरिंगच्या बाबतीत एक प्रश्न आधीच विचारून घ्या: टब दोन भागांत उघडणारा आहे की कायमचा चिकटवलेला? उघडणारा असेल तर बेअरिंग आणि सीलवर भागतं. चिकटवलेला असेल तर पूर्ण टब बदलावा लागतो. आठ-नऊ वर्षं झालेल्या मशीनवर तो खर्च करण्यापेक्षा ते पैसे नव्यात घालणं मी पसंत करेन.